अनिश्चित काळातील गुंतवणूक : शेअर, घर-जमीन आणि आपली पुंजी

आपल्या समाजात पैशाविषयी उघडपणे बोलण्याची सवय अजून पुरेशी रुजलेली नाही. शिक्षणाविषयी आपण बोलतो, नोकरीविषयी बोलतो, चळवळीविषयी तर रात्र-रात्र बोलतो. परंतु मिळालेला पगार, निवृत्तीनंतर हाती आलेली भविष्य निर्वाह निधीची रक्कम किंवा मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेले दोन लाख रुपये कोठे ठेवावेत, हा प्रश्न प्रत्येक कुटुंब एकट्यानेच सोडवत बसते. मग कोणी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून शेअर घेतो, कोणी कचेरीतील मित्राच्या भरवशावर प्लॉट घेतो आणि कोणी सारे पैसे पतपेढीत ठेवून निर्धास्त राहतो. काळ बरा असला तर हे सारे खपून जाते. काळ फिरला, म्हणजे मात्र खरी परीक्षा होते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय सभासद बंधू-भगिनींसमोर आणि विशेषतः विद्यार्थ्यांसमोर सोप्या भाषेत मांडावा, असे आम्हाला वाटले.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करतो. कोणता शेअर वाढेल, कोणत्या भागातील जागेला भाव येईल, हे या लेखात सांगितलेले नाही. ते खात्रीने कोणालाच सांगता येत नाही. आमचे म्हणणे वेगळेच आहे. अनिश्चित काळात विचारायचा पहिला प्रश्न "पैसा कशात घालू?" हा नसून "हा पैसा मला केव्हा लागणार आहे?" हा आहे. या एका प्रश्नाचे उत्तर नीट दिले, तर पुढची निम्मी संकटे टळतात.

धम्म आणि धन

धम्म संपत्तीच्या विरोधात आहे, असा गैरसमज काही जणांचा असतो. तथागतांनी गृहस्थाला दारिद्र्य स्वीकारण्याचा उपदेश केलेला नाही. कोलिय गणातील दीघजाणू या गृहस्थाने संसारी माणसाच्या सुखाचा मार्ग विचारला, तेव्हा भगवंतांनी चार गोष्टी सांगितल्या. उट्ठानसंपदा म्हणजे कष्टाने व कौशल्याने मिळवणे. आरक्खसंपदा म्हणजे मिळवलेले सांभाळणे. कल्याणमित्तता म्हणजे भल्या व जाणत्या माणसांची संगत. समजीविकता म्हणजे आयव्यय पाहून समतोलाने जगणे. सिगालोवाद सुत्तात तर कमाईच्या चार भागांपैकी एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी आणि चौथा संकटकाळासाठी राखून ठेवावा, असा हिशेबच दिलेला आहे. त्याच सुत्तात जुगाराची गणना संपत्तीच्या नाशाच्या कारणांत केली आहे. ही वाटणी पगारदार माणसाला जशीच्या तशी लागू होईलच असे नाही. पण संकटासाठीचा भाग आधी बाजूला काढावा, हे तत्त्व आजही तितकेच खरे आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे तर अर्थशास्त्राचेच पंडित. "द प्रॉब्लेम ऑफ द रुपी" हा त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला आणि १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनाविषयी साक्ष दिली. रुपयाचे मोल घसरून महागाई वाढली, की मजुरी त्या वेगाने वाढत नाही आणि मार कष्टकऱ्यावर पडतो, हे त्यांनी ओळखले होते. आणखी एक गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. १९१७ मध्ये परदेशातून परतल्यानंतर आणि सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होण्यापूर्वी बाबासाहेबांनी मुंबईत शेअरचे व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. सुरुवातीस ती बरी चालली. परंतु सल्ला देणारा गृहस्थ अस्पृश्य समाजातील आहे, हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. आज डिमॅट खाते उघडताना कोणी जात विचारत नाही. तो दरवाजा आपल्याला खुला आहे. पण बाजार जात विचारत नसला, तरी अज्ञानाची किंमत मात्र पुरेपूर वसूल करतो.

आपली स्थिती थोडी वेगळी आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. ज्या घरात तीन पिढ्यांपासून दुकान, शेती वा वाडा चालत आला आहे, त्या घरात एखाद्याचे चार लाख बुडाले तरी मागे आधार असतो. आपल्यापैकी अनेकांची बचत ही घराण्यातील पहिलीच बचत आहे. गिरणीत, रेल्वेत, गोदीत, महापालिकेत किंवा शाळेत राबून ती जमलेली असते. ती बुडाली तर नुसते पैसे जात नाहीत. मुलाचे अभियांत्रिकीचे वर्ष जाते, मुलीचे परिचारिकेचे शिक्षण अडते.

शेअर : वाटा कशाचा आणि धोका कशाचा

शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा लहानसा वाटा. कंपनीला नफा झाला तर लाभांश मिळतो, कंपनी मोठी झाली तर वाट्याची किंमत वाढते. कंपनी बुडाली तर वाटाही बुडतो. मुदत ठेवीप्रमाणे यात परताव्याचे वचन नसते. शिवाय बाजारातील रोजचा भाव केवळ कंपनीच्या कामगिरीवर ठरत नाही. लोकांची आशा, भीती, व्याजाचे दर, युद्ध, साथीचे रोग या साऱ्यांचा त्यात वाटा असतो.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील तीन प्रसंग पाहू. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, म्हणजे सेन्सेक्स, एप्रिल १९९२ मध्ये ४,४६७ पर्यंत चढला होता. त्याच महिन्यात रोखे घोटाळा उघडकीस आला आणि मार्च १९९३ अखेर निर्देशांक सुमारे २,२८० वर आला. जानेवारी २००८ मध्ये तो २०,८७३ वर बंद झाला होता. जागतिक मंदीच्या तडाख्याने मार्च २००९ मध्ये ८,१६० वर उतरला. म्हणजे शंभर रुपयांचे सुमारे एकोणचाळीस रुपये झाले. ती पातळी पुन्हा गाठायला नोव्हेंबर २०१० उजाडला. २०२० च्या जानेवारीत निर्देशांक ४२,००० च्या आसपास होता. कोरोनाच्या साथीत २३ मार्च २०२० या एकाच दिवशी तो ३,९३४ अंशांनी कोसळून २५,९८१ वर बंद झाला. यावेळी मात्र नोव्हेंबर २०२० मध्येच त्याने जुनी पातळी ओलांडली.

यातून काय शिकायचे? बाजार पडतो हे खरे आणि आजवर तो पुन्हा उठला हेही खरे. परंतु उठायला कधी आठ-दहा महिने लागतात, कधी पावणेतीन वर्षे, तर कधी त्याहून अधिक. ज्याला पैसे दहा वर्षांनी हवे आहेत, त्याला थांबता येते. ज्याच्या मुलीची फी जूनमध्ये भरायची आहे, त्याला मिळेल त्या भावाने विकावे लागते. दोघांनी एकाच दिवशी एकच शेअर घेतला, तरी एकाला फायदा होतो आणि दुसऱ्याला तोटा. दोष शेअरचा नसतो. जो पैसा थांबू शकत नव्हता, तो थांबण्याच्या जागी ठेवला गेला. आणि निर्देशांक उठला म्हणजे प्रत्येक कंपनी उठते असेही नाही. निर्देशांकातून कमकुवत कंपन्या वगळल्या जातात. आपल्या हातातील एखादी कंपनी मात्र कायमची बुडालेली असू शकते.

म्हणून ज्याला ताळेबंद वाचता येत नाही, त्याने एक-दोन कंपन्यांवर सारी भिस्त ठेवू नये. अनेक कंपन्यांत विभागणी करणारा म्युच्युअल फंड, त्यातही निर्देशांकाप्रमाणे चालणारा कमी खर्चाचा फंड, सामान्य माणसाला अधिक सोयीचा असतो. दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याचा फायदा एका साध्या उदाहरणाने कळेल. समजा, आपण दरमहा १,००० रुपये घातले आणि चार महिन्यांत एका युनिटचा भाव ५०, ४०, २५ व ४० रुपये असा राहिला. आपल्याला अनुक्रमे २०, २५, ४० व २५, म्हणजे एकूण ११० युनिट मिळतील. खर्च ४,००० रुपये झाला, म्हणजे एक युनिट सरासरी ३६ रुपये ३६ पैशांना पडले. चार महिन्यांच्या भावांची सरासरी मात्र ३८ रुपये ७५ पैसे येते. भाव पडला तेव्हा आपोआप जास्त युनिट मिळाले, हे त्याचे कारण. मात्र भाव पडल्यावर घाबरून हप्ता बंद केला, तर हा फायदा मिळत नाही. आणि फंडालाही परताव्याची हमी नसते, हे विसरू नये.

विद्यार्थी मित्रांना येथे एक कळकळीची सूचना आहे. मोबाइलवर दोन मिनिटांत खाते उघडते आणि "फ्युचर्स-ऑप्शन्स" नावाचा खेळ सुरू होतो. ही गुंतवणूक नव्हे. शेअर बाजाराचे नियंत्रण करणाऱ्या "सेबी" या संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या प्रकारात उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. त्यांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. शिष्यवृत्तीचे पैसे यात घालणे आणि पत्त्यांच्या अड्ड्यावर नेणे, यांत फारसा फरक नाही. व्हॉट्सॲप वा टेलिग्रामवर "खात्रीची टीप" देणाऱ्यांपासूनही दूर राहावे. सल्लागार सेबीकडे नोंदणीकृत आहे काय, हे सेबीच्या संकेतस्थळावर पाहता येते.

ज्येष्ठ सभासदांसाठीही दोन शब्द. अनेकांच्या पेटीत पूर्वीची कागदी शेअर प्रमाणपत्रे पडून आहेत. १ एप्रिल २०१९ पासून कागदी स्वरूपातील शेअर विकून दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत; ते आधी डिमॅट करावे लागतात. सलग सात वर्षे लाभांश घेतला नाही, तर लाभांश व शेअर दोन्ही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. तेथून कागदपत्रे देऊन ते परत मागता येतात. तेव्हा पेटी उघडून एकदा पाहावी.

घर आणि जमीन

राहते घर ही आपल्या समाजाची मोठी आस आहे आणि ती योग्यच आहे. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला स्वतःच्या नावाच्या दाराची किंमत सांगावी लागत नाही. परंतु राहण्यासाठी घेतलेले घर आणि नफ्यासाठी घेतलेले दुसरे घर, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. "जागेचा भाव कधी पडत नाही" हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. ते खरे नाही. मुंबईत १९९५ च्या सुमारास जागांचे भाव शिखराला पोचले आणि त्यानंतर काही वर्षे ते उतरत गेले. शिवाय जागा शेअरप्रमाणे एका दिवसात विकली जात नाही. दवाखान्याचे बिल भरायचे असताना घराची एक खोली विकता येत नाही.

खरा धोका मात्र कर्जाच्या हप्त्यात असतो. मे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० टक्क्यांवर गेला. बदलत्या दराच्या गृहकर्जांवर त्याचा थेट परिणाम झाला. समजा, २० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी ७ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता सुमारे १५,५०६ रुपये येतो. दर ९.५० टक्के झाला तर हप्ता सुमारे १८,६४३ रुपये व्हायला हवा. बँका पुष्कळदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात. पण या उदाहरणात ९.५० टक्क्यांनी महिन्याचे व्याजच १५,८३३ रुपये होते. म्हणजे जुन्या हप्त्यात व्याजसुद्धा भागत नाही. माणूस इमानाने हप्ते भरतो आणि कर्ज वाढतच जाते. म्हणून कर्ज घेतानाच हिशेब करावा : दर आणखी दोन-अडीच टक्क्यांनी वाढला, तर हप्ता झेपेल काय? घरातील दोघे कमावते असतील आणि त्यांपैकी एकाची नोकरी सहा महिने गेली, तर काय? उत्तर "नाही" असे असेल, तर घर लहान घ्यावे वा थोडे थांबावे.

कागदपत्रांची तपासणी हा दुसरा मुद्दा. "महारेरा" हे प्राधिकरण १ मे २०१७ पासून कार्यरत आहे. नोंदणीस पात्र असलेल्या प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घेऊन त्याची माहिती संकेतस्थळावर स्वतः पाहावी. कायद्यानुसार नोंदणीकृत करार करण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि ग्राहकांकडून येणाऱ्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. तयार घर घेताना भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. जमीन घेताना सातबारा, फेरफार, अकृषिक परवानगी आणि वकिलाचा शोध अहवाल यांशिवाय बयाणा देऊ नये. केवळ कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. शहराच्या कडेला स्वस्तात गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले जातात, तेथे ही काळजी दुप्पट घ्यावी.

वतनाच्या जमिनीविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. महार वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने नष्ट झाली आणि जमिनी पूर्वीच्या वतनदारांना शर्तीवर परत देण्यात आल्या. अशा जमिनी सातबाऱ्यावर बहुधा "भोगवटादार वर्ग २" म्हणून दिसतात. त्या सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाहीत. शहरे वाढली, तशा या जमिनींना किंमत आली. मग कोणी दलाल गावी येतो, दोन-चार लाख रुपये हातावर ठेवतो आणि मुखत्यारपत्रावर साऱ्या भावकीच्या सह्या घेतो. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या वारसांना पत्ताही नसतो. आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, प्रत्येक सभासदाने आपल्या मूळ गावचा सातबारा काढावा, त्यावर वारसांची नोंद करून घ्यावी आणि वकिलाला दाखवल्याशिवाय एकही सही करू नये. नवा प्लॉट शोधण्यापूर्वी वाडवडिलांची जमीन कोणाच्या नावे आहे, हे पाहणे अधिक शहाणपणाचे आहे.

सुरक्षित म्हणवणाऱ्या जागा

शेअर नको, जमीन नको, म्हणून सारे पैसे एकाच सहकारी बँकेत ठेवणे हाही उपाय नव्हे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सुरुवातीला ठेवीदारांना केवळ १,००० रुपये काढता येत होते. ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण मिळाले. परंतु पतपेढ्यांना हे संरक्षण नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. मोठी रक्कम असल्यास ती दोन-तीन बँका व टपाल खात्याच्या योजनांत विभागावी. पर्ल्स समूहाच्या पीएसीएल कंपनीने जमिनीच्या नावाखाली लोकांकडून गोळा केलेले ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश सेबीने २०१४ मध्ये दिला. ठेव आणि जमीन या दोन्ही विश्वासाच्या शब्दांचा आधार घेऊनच ते पैसे गोळा झाले होते. बँकेपेक्षा दुप्पट व्याज हमीने देतो, असे कोणी म्हणाला, म्हणजे तेथेच उठून यावे. मग तो आपल्या समाजाचा असो, विहारात शेजारी बसणारा असो.

मात्र भीतीपोटी सारा पैसा कायम बचत खात्यात ठेवणे हेही नुकसानीचेच. महागाई दरसाल ६ टक्के राहिली, तर सुमारे १२ वर्षांत वस्तूंचे दर दुप्पट होतात. पैसा तेवढाच राहिला, तर त्याचे मोल निम्मे होते. म्हणूनच दीर्घकाळाच्या पैशाला थोडा धोका पत्करावाच लागतो.

क्रम कसा असावा

आमच्या मते सर्वसाधारण कुटुंबाने पुढील क्रम ठेवावा.

१. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत किंवा टपाल खात्यात, चटकन काढता येईल असा ठेवावा.

२. आरोग्य विमा आणि कमावत्या माणसाचा साधा मुदत विमा घ्यावा.

३. सावकारी, क्रेडिट कार्ड यांसारखे महाग कर्ज आधी फेडावे. वर्षाला ३० टक्के व्याजाचे कर्ज फेडणे याहून अधिक फायद्याची गुंतवणूक नाही.

४. तीन ते पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा, म्हणजे फी, लग्न, घराची अनामत, मुदत ठेवीत वा टपाल खात्यातच ठेवावा.

५. सात-दहा वर्षांहून दूरच्या गरजेसाठीच शेअर वा फंड. दरमहा २,००० रुपये २० वर्षे घातले आणि सरासरी १० टक्के वाढ झाली, तर सुमारे १५ लाख रुपये होतात. ८ टक्के झाली तर पावणेबारा लाख. यांपैकी ४ लाख ८० हजार रुपयेच आपले असतात.

६. कर्ज काढून शेअर घेऊ नयेत. दुसरे घर कर्जाने घेण्यापूर्वी त्याचे भाडे, देखभाल, कर आणि व्याज कागदावर मांडावे.

७. प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन करावे, पत्नीला सर्व कागद कोठे आहेत ते सांगावे आणि शक्य तेथे घर दोघांच्या नावे घ्यावे. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे वारस नव्हे. यासाठी मृत्युपत्र करणे हिताचे.

यात चमत्कार कोठेही नाही. काळ अनिश्चित आहे, ही तक्रार प्रत्येक पिढीने केली आहे आणि अनित्यता हा तर धम्माचा पहिलाच धडा आहे. अनित्य जगात काहीच करू नये, असा त्याचा अर्थ नाही. बदल होणारच, हे धरून तयारी ठेवावी, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. कल्याणमित्र शोधा, चार कुटुंबांनी एकत्र बसून हिशेब मांडा, विद्यार्थ्यांनी घरातील ज्येष्ठांना सातबारा आणि करारनामा वाचून दाखवा. बाबासाहेबांनी दिलेल्या शिक्षणाचा उपयोग आपल्या घरातील कागद वाचण्यासाठी झाला, तरी पुष्कळ पुंजी वाचेल आणि तिच्याबरोबर एखाद्या मुलाचे शिक्षणही वाचेल.

नमो बुद्धाय! जय भीम!